लेदर कोरल फूटभर रुंद झालाय, झोआ काचेवर चढलेत. घरात लहान मूल असताना छाटणी कशी करावी?

सूरसागर_रीफ (बडोदे)

नमस्कार मंडळी. मी दांडियाबाजारात राहते. घरी खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी आहे, साधारण २४० लिटरची. खाली संप (गाळणीची खालची टाकी), स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र), आत दोन वेव्हमेकर (पाणी हलवणारे पंप). टाकी मुळात माझ्या दादाची. तो नोकरीसाठी कॅनडाला गेला आणि टाकी माझ्याकडे आली. पाणी मी नेमानं बदलते, आरओ-डीआयचंच (क्षार काढलेलं) वापरते, सॅलिनिटी (खारटपणा, घनतेनं मोजलेला) १.०२५ च्या आसपास असते. दोन क्लाऊन आणि एक गोबी असे मासे आहेत, तिघंही मजेत.

अडचण कोरलची आहे. मधल्या दगडावरच्या टोपीवाल्या लेदर कोरलची टोपी आता फूटभर रुंद झालीय. तिच्या सावलीत खालचं सगळं फिकट पडत चाललंय. डावीकडे झेनिया (भराभर पसरणारा मऊ कोरल) दर महिन्याला नवा दगड धरतो. झोआंची (बटणांसारख्या छोट्या कोरलची) चादर खालच्या दगडावरून निघून मागच्या काचेवर चढलीय. आणि लाल मशरूम कोरल जिथे फट मिळेल तिथे उगवतात.

दुकानात विचारलं तर सल्ला मिळाला, "दगड बाहेर काढा, वरून उकळतं पाणी ओता, ब्रशनं घासा, झोआ साफ निघतील." मी दगड स्वयंपाकघरात नेणार होते, पण आई म्हणाली, जिथे पोळ्या लाटते त्या ओट्यावर हे नको. म्हणून थांबले. मग कुठेतरी वाचलं की झोआंमध्ये विष असतं. घरात सहा वर्षांचा मुलगा आहे आणि एक मांजर. विषाचं खरं काय? छाटायचं तर कशानं, कसं? आणि कापलेले तुकडे फेकून द्यायला जीव होत नाही. ते जगवून कुणाला देता येतील का?

राजवाडा_रीफ (इंदूर)

ताई, आधी एवढंच वाचा: उकळतं पाणी ओतायचं नाही. आईंनी ओट्यावर नको म्हटलं ते फार चांगलं झालं, त्यांना माझा नमस्कार सांगा.

इंदुरात आम्ही काही जण आपापसात फ्रॅग (वाढवायला कापलेले कोरलचे तुकडे) देतो-घेतो. नवीन माणसाला झोआचा तुकडा देण्याआधी आम्ही हातमोजे आणि चष्मा आहे का ते विचारतो. नसेल तर तुकडा देत नाही. तपशिलात सांगणारे इथे नंदेसरीकर काका आहेत, त्यांची वाट बघा. तोवर टाकीत हात घालायचाच झाला तर हातावर कुठे खरचटलेलं नाही ना, ते पाहून घाला.

नंदेसरीकर (बडोदे)

ताई, राजवाडा यांनी मुद्द्याचं सांगितलं. मी त्यामागचं कारण सांगतो आणि मग कामाकडे वळतो. थोडं लांबेल, पण घरात लहान मूल आहे म्हणून काही गाळत नाही.

मी नंदेसरीच्या एका रासायनिक कारखान्यात सेफ्टी पाहायचो. तिथे परमिट भरल्याशिवाय कुणी पान्याला हात लावत नसे. समोर काय आहे, ते अंगावर कुठून येऊ शकतं, आलंच तर काय करायचं, हे आधी लिहायचं आणि मग काम. निवृत्तीनंतर खाऱ्या पाण्याची टाकी लावली तेव्हापासून तिलाही तोच नियम आहे.

तर समोर काय आहे? झोआ आणि त्यांचे जाडजूड भाऊबंद पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं. हवाई विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये तिकडच्याच पॅलिथोआतून ते वेगळं काढलं. निसर्गात सापडणाऱ्या अतिजहाल विषांत त्याची गणना होते. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. हे विष त्या पंपाला चिकटतं आणि तो सताड उघडा राहतो, मग सोडियम-पोटॅशियमचा तोलच जातो. हृदय, स्नायू, फुप्फुसं, डोळे, ज्याच्यापर्यंत पोचेल त्याला त्रास. याच्यावर उतारा नाही, डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात.

सगळ्या झोआंत ते सारखं नसतं. काहींत नावालाही नसतं, काही पॅलिथोआंत भरपूर असतं. पण रंगावरून किंवा आकारावरून ते ओळखता येत नाही. त्यामुळे टाकीतली प्रत्येक झोआ विषारी आहे असं धरूनच हात घालायचा.

आता उकळत्या पाण्याचं. उकळल्यानं हे विष मोडत नाही. उलट वाफेबरोबर त्याचे बारीक थेंब खोलीभर पसरतात आणि श्वासावाटे आत जातात. म्हणजे दगडाजवळ न गेलेला माणूसही आजारी पडतो. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये एका घरी टाकीतलं कोरल साफ करताना असाच प्रकार झाला. घरच्यांबरोबर मदतीला धावलेल्या अग्निशामक दलाच्या जवानांनाही रुग्णालयात न्यावं लागलं. ब्रशनं घासणं, नळीची जोरदार धार मारणं, ग्राइंडर किंवा फिरत्या पात्यानं कापणं या सगळ्यांत हाच धोका आहे, कारण प्रत्येकातून तुषार उडतात. दगड उन्हात वाळवून मग खरवडणंही नको, त्याची धूळ होते.

हे वाचून टाकीची धास्ती घेऊ नका. पाण्यात फुललेली झोआ काचेबाहेरच्या मुलाला काहीही करत नाही. कापलं, चिरडलं, तापवलं, वाळवलं की विष बाहेर येतं. म्हणून झोआंच्या बाबतीत मी कात्री शेवटची ठेवतो आणि तुम्हीही तसंच करावं असं मला मनापासून वाटतं.

कात्री नाही तर काय? कोरललाच चालत येऊ द्यायचं. सिरॅमिकचे छोटे प्लग (कोरल बसवायच्या चकत्या) मिळतात, ते झोआंच्या चादरीच्या कडेला अगदी टेकवून ठेवा. दगडात खोचता येतील तिथे खोचा. झोआ एकमेकींना धरून पसरतात. नवी पिलं प्लगवर चढतील, काही आठवड्यांत तीन-चार तोंडं (पॉलिप, म्हणजे कोरलचे एकेक जीव) त्यावर उघडतील. मग पंप बंद करायचे आणि प्लग व मूळ चादर यांच्यामधला तेवढा पातळ पट्टा पाण्याखालीच धारदार ब्लेडनं चिरायचा. कुठलंच तोंड कापायचं नाही. अख्ख्या कामात जेमतेम सेंटिमीटरभर जखम होते. वेळ लागतो हे खरं, पण घरात मूल असताना याहून बरा मार्ग मला माहीत नाही.

काचेवरच्या झोआंसाठी जुन्या प्लास्टिक कार्डाची कड वापरा. पंप बंद करून, पाण्याखालीच, कार्ड चादर आणि काच यांच्यामध्ये हळूहळू सरकवा. चादर अखंड सुटते. लोखंडी पट्टी नको, ती तोंडं फाडते.

हे करताना कोपरापर्यंतचे नायट्राइलचे हातमोजे घालायचे. सुती मोजे चालत नाहीत आणि त्याला दुसरंही कारण आहे: फ्रॅग चिकटवायचा सायनोअक्रिलेट गोंद (सुपरग्लू) सुती कापडावर सांडला तर झटकन तापतो आणि चटका बसतो. डोळ्यांना सगळीकडून बंद असलेला स्प्लॅश गॉगल लावा, साधा चष्मा पुरत नाही. मास्क लावा. खिडक्या उघड्या, मूल आणि मांजर दुसऱ्या खोलीत, दार लावलेलं, आणि घरात आणखी एक मोठं माणूस हजर हवं. हातावर छोटीशी चीर असली तरी काम पुढे ढकला. टाकीतल्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणूही असू शकतो. तो जखमेतून शिरला तर आठवड्यांनी गाठी येतात आणि डॉक्टरांना टाकीचं सांगितलं नाही तर निदान लांबतं.

ब्लेड, कार्ड, कापायची पाटी, सगळं नंतर ब्लीचच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. घरगुती लिक्विड ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग. पॅलिटॉक्सिन मोडायला सोडियम हायपोक्लोराइटच लागतं, व्हिनेगरनं काम होत नाही. आणि हे ठळक वाचा: ब्लीचमध्ये व्हिनेगर, संडास साफ करायचं ॲसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळायचं नाही. ॲसिड पडलं की क्लोरिन वायू निघतो. कारखान्यात आम्ही त्यासाठी सायरन वाजवायचो. स्वयंपाकघराची भांडी आणि घासणी या कामाला लावू नका. यासाठीची बादली, वाडगे, ब्लेड वेगळे ठेवा आणि त्यांवर तसं लिहून ठेवा.

आता लेदर. खरी निकड त्याचीच आहे, सावली तोच पाडतोय. सुरुवात त्याच्यापासून करा, झोआ नंतर. टोपीवाला लेदर म्हणजे सार्कोफायटन, मऊ कोरल. आत दगडी सांगाडा नसतो, मांसात चुन्याच्या बारीक सुयांसारखे कण असतात, त्यामुळे धारदार ब्लेडला सहज कापला जातो आणि पुन्हा वाढतोही जोमानं. सध्या त्याची वरची कातडी मेणचट, चकचकीत दिसत असेल आणि तोंडं मिटलेली असतील तर हात लावू नका. तो तेव्हा कात टाकत असतो. तोंडं नीट उघडली की मग.

दगडासकट उचलता आला तर उत्तम. टाकीतलंच पाणी भरलेल्या टबात ठेवा. दगड हलत नसेल तर पंप बंद करून जागेवरच कापा, पण मग चिकट द्राव पाण्यात जातो, तो सायफननं लगेच ओढून घ्यावा लागतो. टोपी बोटानं हलकी दाबली की कोरल आक्रसतो, तोंडं आत जातात. मग मेडिकलमधून आणलेल्या नव्या सर्जिकल ब्लेडनं एका दमात, न अडखळता काप द्या. घासत-घासत कापलं तर कड फाटते आणि फाटलेली कड सडते. टोपीचा बाहेरचा घेर कापून मधला भाग देठावर ठेवला की मूळ झाड लवकर सावरतं. सगळी टोपी काढली तरी देठातून नवी येते, पण पहिल्यांदाच करताय तर अर्ध्यावर थांबा.

कापलेल्या घेराचे दोन-दोन इंचांचे तुकडे करा. याहून लहान तुकडे करण्याचा मोह होतो, पण मोठे तुकडे जास्त जगतात. प्रत्येक तुकडा टाकीच्या पाण्याच्या दोन-तीन वाडग्यांतून खळबळून घ्या म्हणजे चिकटपणा निघतो. लेदरला गोंद धरत नाही, तो द्राव सोडून स्वतःच सुटून जातो. म्हणून मंगळ बाजारात ओढण्यांसाठी मिळतं ते नेटचं कापड आणा, पांढरं, न रंगवलेलं, आणि कोमट पाण्यात नीट धुऊन घ्या. तुकडा प्लगवर ठेवून वरून नेट गुंडाळा आणि रबर बँड लावा. बँड सैल हवा, घट्ट लावला तर तुकडा तिथेच चिरून निघतो. दुसरी रीत म्हणजे लाकडी टूथपिक तुकड्याच्या बुडातून आरपार घालून तिच्या दोन्ही टोकांना बँड अडकवायचा. मी बोटांसारख्या लेदरला, म्हणजे सिन्युलॅरियाला, हेच करतो. हे प्लग टाकीतच मध्यम प्रवाहात, थोड्या कमी उजेडात ठेवा. दोन ते चार आठवड्यांत पकड बसते.

पहिला आठवडा तुकडे आणि मूळ झाड दोन्ही मरगळलेले दिसतील. घाबरू नका, हलवाहलव करू नका. मात्र एखादा तुकडा राखाडी पडून बुळबुळीत झाला, वास मारू लागला, तर तो त्याच क्षणी बाहेर काढा. शेजारचे तुकडे वाचवायचे असतील तर संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही.

आणि कार्बन! लेदर जखमी झाला की पाण्यात टर्पीन वर्गाची रसायनं सोडतो, शेजाऱ्यांना दूर ठेवायची त्याची ती रीतच आहे. छाटणीच्या आधीच संपमध्ये जाळीच्या पिशवीत वाटीभर ताजा धुतलेला ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा, जिथून पाणी जोरात जातं तिथे. दोन दिवसांनी बदला. स्किमर उतू जाईल, कप थोडा वर करून ठेवा. दुसऱ्या दिवशी दहा-पंधरा टक्के पाणी बदला.

झेनियाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्याच्या वाटेत प्लग ठेवा, तो आपसूक चढतो. मग देठ कापा. मशरूम मात्र खरवडू नका. तळव्याचा कण जरी दगडावर राहिला तरी त्यातून नवा उगवतो. म्हणूनच तुमच्या फटीफटीत ते दिसताहेत. वाढवायचे असतील तर तोंडातून मधोमध कापून दोन करा आणि नेट लावलेल्या वाडग्यात दगडाच्या चुरीवर ठेवा, आपले आपण चिकटतात.

हंगामाचंही सांगतो. बडोद्यात एप्रिल-मेमध्ये हे काम काढू नका. बाहेर ४२-४३ अंश असतं, पाणी २६ वर ठेवतानाच चिलरचा दम निघतो आणि गरम पाण्यात जखमा लवकर सडतात. पावसाळ्यात वीज जाते. दिवाळी ते होळी हा आपल्याकडचा चांगला काळ. आणि सगळं एका रविवारी उरकायचं नाही. या वेळी फक्त लेदर. तो पुरता उघडला की झेनिया. झोआंचे प्लग मात्र आजच लावा, ते तोवर चालत राहतील.

लष्कर_मरीन (ग्वाल्हेर)

काकांशी एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. लेदरला गोंद धरत नाही हे द्रवरूप गोंदाबद्दल खरं आहे. जेलचा सायनोअक्रिलेट असेल, तुकड्याचं बूड टिश्यूनं टिपून कोरडं केलं असेल आणि वर एक बँडही लावला असेल, तर माझे तुकडे टिकतात. नेटच्या आत शेवाळ आणि कचरा साठतो, तो मला नको वाटतो.

आमच्याकडे ग्वाल्हेरला बोअरचं पाणी भयंकर जड आहे. डीआयचं रेझिन (क्षार शोषणारे मणी) संपलं आणि टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) शून्य दाखवेनासा झाला की मी फ्रॅगिंग बंद ठेवतो. ताई, तुम्हीही छाटणीच्या आधी मीटर बघा, अल्कलिनिटीही (पाण्याची क्षारता) मोजा. ८-९ डीकेएचला (ती मोजायचं एकक) आठवडाभर स्थिर असेल तरच कापा.

नंदेसरीकर (बडोदे)

लष्कर, जेल आणि बँड दोन्ही लावत असाल तर पटतं. नेटमध्ये कचरा साठतो हेही खरं, रोज पिचकारीनं हलकी फुंकर मारावी लागते. ताईंनी पहिल्यांदा नेटच वापरावं असं मी तरी म्हणेन, कारण गोंदासाठी तुकडा पाण्याबाहेर हातात धरून टिपावा लागतो. तो सराव नंतरचा.

सूरसागर_रीफ (बडोदे)

काका, तुमचं उत्तर छापून टाकीच्या कपाटाला आतून चिकटवलंय. आईनंही वाचलं. नेटचं कापड तीच आणणार आहे.

आणखी दोन गोष्टी. एक, डोळ्यात काही उडालंच तर नक्की काय करायचं? दुसरी, उजव्या कोपऱ्यात एक कोरल आहे, लांब बोटांसारखे हिरवे मऊ हात आणि खाली पांढरा दगडी देठ, फांद्या फुटलेला. दादाला विचारलं तर म्हणाला, "तो हॅमर, जुन्या एका टाकीवाल्याकडून घेतलेला." त्याच्याही फांद्या खूप झाल्यात. एकजण म्हणाला, बोन कटरनं फांदी तोड, चांगले पैसे येतील. तोडू का?

नेत्रचिकित्सा_अकोटा (बडोदे)

डोळ्यांचं मी सांगते. काही उडालं तर डोळा चोळायचा नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुता धुता काढायची. स्वच्छ वाहत्या पाण्यानं निदान १५ मिनिटं, पापण्या बोटांनी उघड्या धरून, सतत धुवा. दुखत नसलं तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. पॅलिटॉक्सिननं बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, सुजतो आणि त्यावर जखमा होऊ शकतात. लक्षणं काही तासांनी वाढतात. साधे डोळे आले समजून घरातले जुने थेंब घालत बसण्यात वेळ जातो. डॉक्टरांना "झोआ कोरल, पॅलिटॉक्सिन" हे शब्द स्पष्ट सांगा, कागदावर लिहून न्या. आपल्याकडे बहुतेक डॉक्टरांना असा रुग्ण कधी दिसलेला नसतो.

काम करताना किंवा नंतर तोंडात धातूसारखी चव आली, थंडी-ताप, खोकला, छातीत दडपण, ओठ-बोटांना मुंग्या, स्नायूंत वेदना असं काही झालं तर सगळे मोकळ्या हवेत या आणि थेट मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा. मुलाला किंवा मांजरालाही लक्षणं आहेत का ते बघा.

नंदेसरीकर (बडोदे)

डॉक्टर, फार उपकार झाले. "कागदावर लिहून न्या" हे मला सुचलं नव्हतं, मीही आता टाकीजवळ चिठ्ठी लावतो.

ताई, हॅमरला बोन कटर लावू नका आणि फांदी विकू तर मुळीच नका. पैशांचं बोलणाऱ्याला सरळ नाही म्हणा. हॅमर हा दगडी सांगाड्याचा कोरल, स्क्लेरॅक्टिनिया गटातला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये हा सगळा गट घातला गेला. त्याच्याबरोबर काळे कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखेही आले. म्हणजे कायद्यानं त्याला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. परदेशातून आणलेल्यांनाही साइटीस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाचे नियम आहेत. दादाला त्या वेळची पावती किंवा काही कागद आहे का ते विचारा. नसेल तर आपल्या वनविभागाच्या कार्यालयात जाऊन काय करावं ते विचारा. आपण होऊन गेलेलं केव्हाही बरं. तोवर त्याला आहे तिथे नीट जगवा, कापू नका, कुणाला देऊ नका. म्हणूनच मी प्लग सिरॅमिकचे सांगितले. मेलेल्या कोरलचे पांढरे तुकडे फ्रॅगसाठी विकत मिळतात, ते घेऊ नका.

मला हे जिव्हाळ्यानं सांगावंसं वाटतं कारण आपला कोरल आपण आपल्याच राज्यात पाहू शकतो. कच्छच्या आखातात जामनगरजवळ सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. १९८० मध्ये ते अभयारण्य झालं, १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान. त्यातल्या नराऱ्याला ओहोटीच्या वेळी वनविभागाच्या परवानगीनं आणि वाटाड्याबरोबर चालत जाता येतं, बोट लागत नाही. घोट्याएवढ्या पाण्यात दगडी कोरल, झोआ, समुद्रकाकड्या, पफर मासे, कधी ऑक्टोपससुद्धा दिसतो. वाटाड्या आधीच सांगतो, पाय वाळूवर ठेवा, कोरलवर नाही. ओहोटीला उघडा पडणारा, भरतीचा गाळ सोसणारा, उन्हाळ्यात भाजणारा तो कोरल तिथे टिकून आहे. त्यातली एक फांदीसुद्धा कुणाच्या दिवाणखान्यासाठी तुटू नये. आपण मऊ कोरल घरात वाढवून एकमेकांना दिले तर समुद्रातून आणायची मागणी तेवढी कमी होते. फ्रॅगिंगचा हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

तुमचे लेदर आणि मशरूमचे तुकडे पकड बसल्यावर आनंदानं द्या. झोआ देताना राजवाडा यांच्यासारखंच आधी मोजे-गॉगल विचारा आणि विषाचं स्पष्ट सांगून द्या. उरलेलं काही नाल्यात, विश्वामित्रीत किंवा फिरायला गेल्यावर समुद्रात टाकू नका. व्हेनेझुएलाच्या मोचिमा राष्ट्रीय उद्यानात टाकीच्या धंद्यातून आलेला झेनियाच्या कुळातला एक मऊ कोरल समुद्रात सुटला आणि तिथल्या मूळ कोरलवर पसरत गेला. नको असलेला तुकडा ब्लीचच्या पाण्यात रात्रभर ठेवायचा, मग पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात.

सूरसागर_रीफ (बडोदे)

काका, डॉक्टर, सगळ्यांचे आभार. दादाशी रात्री बोलले. हॅमरची पावती त्याच्याकडे नाही. तो म्हणाला, तू वनविभागात जा, माझं नाव सांग, मी फोनवर बोलेन. सोमवारी जाते.

झोआंच्या कडेला आज सहा प्लग टेकवले, मोजे आणि गॉगल लावून. मुलाला तो उद्योग काचेबाहेरून बघायचा होता, म्हटलं दाराबाहेरून बघ. लेदर आत्ता मिटलेला आहे, वर मेणासारखा थर दिसतोय, म्हणजे तुम्ही म्हणालात तो कात टाकतोय बहुतेक. उघडेपर्यंत थांबते. तोवर एकच विचारते, तो थर आपोआप निघतो की पिचकारीनं उडवायचा?

नंदेसरीकर (बडोदे)

वेव्हमेकरचा प्रवाह थोडा त्याच्याकडे वळवा, बहुधा तेवढ्यानं निघतो. थर उडवायचाच असेल तर टाकीच्याच पाण्याची पिचकारी लांबून मारा, नखानं सोलू नका. आणि वनविभागात जाताना हॅमरचे फोटो घेऊन जा, देठ दिसेल असे.